गाडीचे कागद मोबाईलमध्ये आणायचे तर ॲप नेमकं कसं बनवायचं?

गाडीचे कागद डिजिटल करायचे म्हटलं की सगळ्यात आधी डोळ्यासमोर येतो तो कॅमेरा. कागदाचा फोटो काढा, पीडीएफ बनवा, ॲपमध्ये सेव्ह करा, झालं काम. स्वतःपुरतं हे वाईट नाही, कागद हरवला तर निदान नंबर तरी हाताशी असतो. पण याने मालकीचं एकही काम पुढे सरकत नाही, कारण गाडीचा कागद हा नुसता माहितीचा तुकडा नाहीये, तो कामं करतो. गाडी कोणाच्या नावावर आहे ते तो सांगतो, गाडी विकली की तो हातातून हातात जातो, कर्ज असेल तर तोच कागद बँकेत अडकून पडतो आणि त्यामुळे विक्री थांबते, आणि रस्त्यात कोणी अडवलं की तो दाखवता येतो. ॲप बनवणाऱ्याने ही सगळी कामं एकेक करून समोर ठेवायची आणि प्रत्येकाला विचारायचं की कागद नसताना हे कोण करणार. डिझाईन इथून सुरू होतं, रंग आणि बटणं खूप नंतर येतात.

मला हा विषय महत्त्वाचा वाटतो कारण यातल्या चुका थेट माणसांना भोगाव्या लागतात. गाडी विकून पैसे घेऊन माणूस मोकळा होतो, पुढे दोन वर्षांनी त्याच गाडीचे दंड त्याच्या नावाने यायला लागतात, किंवा त्याहून वाईट म्हणजे त्या गाडीने अपघात होतो. २०१८ मध्ये भारताच्या सर्वोच्च न्यायालयापुढे असंच प्रकरण आलं होतं, गाडी पुढे अनेकदा विकली गेली होती पण सरकारी नोंदीत नाव पहिल्याच माणसाचं राहिलं होतं, आणि न्यायालयाने सांगितलं की नोंदीत ज्याचं नाव आहे तोच भरपाईच्या दृष्टीने मालक. म्हणजे व्यवहार आणि नोंद यांच्यामध्ये जी फट राहते तिच्यात माणूस अडकतो, आणि चांगल्या ॲपचं खरं काम ती फट बुजवण्याचं.

मालक म्हणजे कोण?

डेटाबेस बनवायला बसलेला कोणीही पहिल्या पाच मिनिटांत एक टेबल काढतो, गाडी नंबर, मालकाचं नाव, पत्ता. आणि इथेच पहिला घोळ होतो, कारण बऱ्याच देशांत नोंदणीत ज्याचं नाव तो मालक असतोच असं नाही. ब्रिटनमध्ये गाडीचं जे नोंदणीपत्र मिळतं, ज्याला व्ही-फाईव्ह-सी म्हणतात, त्यावरच छापलेलं असतं की हा मालकीचा पुरावा नाही. त्यात नाव असतं ते गाडी सांभाळणाऱ्याचं, म्हणजे कर आणि दंड यांसाठी जबाबदार कोण त्याचं. गाडी कंपनीने विकत घेतलेली आणि वापरतो कर्मचारी, किंवा पैसे वडिलांनी भरले आणि चालवते मुलगी, अशा वेळी दोन्ही माणसं वेगळी. अमेरिकेत तर दोन वेगळे कागदच असतात, टायटल म्हणजे मालकीचा आणि रजिस्ट्रेशन म्हणजे रस्त्यावर चालवायच्या परवानगीचा. जर्मनीतही नोंदणीपत्राचे दोन भाग आहेत, एक गाडी चालवताना जवळ ठेवायचा आणि दुसरा घरी जपून ठेवायचा, कर्ज असेल तर हा दुसरा भाग बऱ्याचदा बँकच स्वतःकडे ठेवते.

युरोपियन युनियनने १९९९ च्या एका निर्देशाने सगळ्या सदस्य देशांच्या नोंदणीपत्रांवरच्या रकान्यांना एकसारखे कोड दिले. म्हणजे भाषा कुठलीही असो, ए म्हटलं की नोंदणी क्रमांक, बी म्हटलं की पहिल्या नोंदणीची तारीख, ई म्हटलं की चासी नंबर. त्यात सी-फोर नावाचा एक कोड आहे आणि तो मला फार आवडतो, कारण तो एवढंच सांगतो की ज्याच्या नावाने हे पत्र आहे तो मालक आहे, किंवा मालक नाही, किंवा या पत्रावरून तो मालक असल्याचं ठरत नाही. तीन उत्तरं. ज्यांनी हे लिहिलं त्यांनी प्रश्न पूर्ण समजून घेतला होता.

मग ॲपमध्ये काय करायचं, तर मालक हा गाडीच्या ओळीतला एक रकाना ठेवायचाच नाही. गाडी वेगळी, माणूस किंवा संस्था वेगळी, आणि त्यांच्यातलं नातं ही तिसरी वेगळी नोंद. त्या नात्याला प्रकार असतो (मालक, सहमालक, वापरणारा, कर्ज देणारी बँक), कधीपासून कधीपर्यंत ते असतं, आणि कशाच्या आधारावर ही नोंद झाली तेही असतं. जुनी नोंद कधी पुसायची नाही, तिला फक्त शेवटची तारीख द्यायची. असं केलं की अमुक दिवशी अमुक वाजता गाडी कोणाच्या नावावर होती याचं उत्तर कधीही काढता येतं, आणि दंड असो, अपघात असो की विमा, प्रश्न नेहमी हाच विचारला जातो.

सतरा अक्षरांचा नंबर

गाडीची ओळख नंबरप्लेटवरून ठरवायचा मोह होतो पण प्लेट बदलते, दुसऱ्या राज्यात किंवा देशात गेली की बदलते, काही ठिकाणी तर प्लेट माणसासोबत राहते आणि गाडी पुढे जाते. टिकून राहतो तो चासी नंबर. साधारण १९८१ पासून तो सतरा अक्षरांचा ठरलेला आहे आणि त्यात इंग्रजी आय, ओ आणि क्यू ही तीन अक्षरं मुद्दामच वापरत नाहीत, कारण ती एक आणि शून्यासारखी दिसतात. ॲपने कॅमेऱ्यातून नंबर वाचला आणि त्यात ओ आला तर तो ओ नक्कीच नाही, तिथे बहुतेक शून्य असणार.

उत्तर अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या गाड्यांच्या नंबरात नववी जागा ही तपासणीची असते. प्रत्येक अक्षराला एक किंमत, प्रत्येक जागेला एक वजन, दोन्हींचा गुणाकार करायचा, सगळ्यांची बेरीज घ्यायची, अकराने भागायचं, बाकी जी उरेल ती नवव्या जागी असली पाहिजे, बाकी दहा आली तर तिथे एक्स. हे फोनवरच, नेटशिवाय, क्षणात होतं. बी ऐवजी आठ वाचलं किंवा एस ऐवजी पाच वाचलं, जे फोटोतून वाचताना सारखं होतं, तर बाकी जुळत नाही आणि चूक तिथल्या तिथे कळते. पण या तपासणीवर किती भरवसा ठेवायचा तेही ठरवून ठेवा, कारण सतराच्या सतरा जागी एक टाकून बघा, किमतींची बेरीज येते ८९, अकराने भागलं की बाकी एक, आणि नवव्या जागी एकच आहे, म्हणजे नंबर पास. अशी गाडी जगात नाही! म्हणजे ही तपासणी टायपिंगची चूक पकडते, गाडी खरी आहे की नाही हे तिला कळत नाही, त्यासाठी सरकारी नोंदीलाच विचारावं लागतं. आणि सगळीकडे ही नववी जागा तपासणीची नसते, युरोपातल्या बऱ्याच गाड्यांत नसते, त्यामुळे बाकी जुळली नाही म्हणून गाडी सरळ नाकारायची नाही, फक्त "एकदा नंबर पुन्हा बघा" एवढंच म्हणायचं.

फोटो आणि दाखला यात फरक काय

फोटो कोणीही बदलू शकतो. नाव बदला, तारीख बदला, बघणाऱ्याला कळणार नाही. म्हणून ॲपमध्ये जे दाखवायचं ते कागदाचं चित्र नको, नोंदणी खात्याने सही केलेला डेटा हवा, त्यालाच मी दाखला म्हणतो. डिजिटल सही म्हणजे बोटाने स्क्रीनवर गिरगटलेली सही नव्हे, ती लाखेच्या शिक्क्यासारखी असते, पाकीट उघडलं की शिक्का फुटलेला दिसतो. खात्याकडे एक गुप्त किल्ली असते, तिने सगळ्या माहितीवर सही होते, आणि खात्याचीच एक उघड किल्ली असते जी कोणालाही मिळते आणि तिने सही तपासता येते. माहितीतलं एक अक्षर जरी बदललं तरी तपासणी फेल. मग बघणाऱ्याने फोन कोणाचा आहे, ॲप खरं आहे की नकली, यावर विश्वास ठेवायची गरजच उरत नाही, सही जुळली की झालं.

मोबाईलवरच्या ड्रायव्हिंग लायसन्ससाठी २०२१ मध्ये आयएसओ १८०१३-५ हे आंतरराष्ट्रीय मानक आलं, आणि त्यातली रचना गाडीच्या दाखल्यालाही नीट लागू पडते. त्यात दोन गोष्टी फार शहाणपणाच्या आहेत. एक, सगळ्या माहितीचं मिळून एकच गाठोडं करत नाहीत, प्रत्येक तपशिलाचा वेगळा ठसा (त्या तपशिलावरून गणिताने काढलेला छोटा कोड) बनवतात आणि त्या ठशांवर सही करतात, त्यामुळे विम्याची तारीख दाखवायची पण घरचा पत्ता दाखवायचा नाही असं करता येतं आणि तरी सही जुळते. दुसरी म्हणजे दोन्ही फोनना नेट नसलं तरी चालतं, क्यूआर किंवा एनएफसीने (फोन एकमेकांजवळ धरून) ओळख होते, पुढची माहिती ब्लूटूथवरून जाते, तपासणाऱ्याच्या यंत्रात खात्याची उघड किल्ली आधीच ठेवलेली असते. घाटात, बोगद्यात, तळघरातल्या पार्किंगमध्ये, जिथे रेंज नसते तिथेही गाडी तपासली जाऊ शकते.

आता यात एक गोष्ट राहते. काल सही झालेली माहिती आज जुनी झालेली असू शकते, गाडी चोरीला गेली असेल किंवा काल रात्री विकली गेली असेल. म्हणून प्रत्येक दाखल्याला मुदत हवी, काही दिवसांची, आणि नेट मिळालं की ॲपने मागच्या मागे ताजा दाखला आणून ठेवायचा. मुदत फार कमी ठेवली तर नेट नसलेल्या माणसाचे हाल, फार जास्त ठेवली तर विकलेल्या गाडीचा दाखला जुन्या मालकाच्या फोनमध्ये फिरत राहतो. कुठे थांबायचं हे खात्याशी बसूनच ठरवायला लागतं, नुसत्या प्रोग्रामरने ठरवायची ही गोष्ट नाही.

कायद्याने हा दाखला मानला पाहिजे हेही तितकंच खरं. भारतात डिजिलॉकर २०१५ साली आलं, पण गाडीचे कागद इलेक्ट्रॉनिक स्वरूपात दाखवले तरी चालतील असा बदल केंद्रीय मोटार वाहन नियमांत झाला तो २०१८ च्या नोव्हेंबरात. मधल्या काळात ॲप असूनही दाखवणाऱ्याला ठाम असा नियमाचा आधार नव्हता. म्हणून कुठल्याही देशात हे काम करताना पहिल्या आठवड्यात वकिलाला गाठा.

गाडी नावावर करताना

आता सगळ्यात अवघड भाग, आणि मी यावरच जास्त वेळ घालवायचा आग्रह धरेन, कारण बाकी सगळं बरं असून इथे गडबड झाली तर ॲपचा उपयोग शून्य.

समजा दोन अनोळखी माणसं गाडीपाशी उभी आहेत, एकाला विकायची आहे, एकाला घ्यायची आहे. विकणाऱ्याने आधी बटण दाबलं आणि गाडी गेली, पैसे आलेच नाहीत तर? घेणाऱ्याने आधी पैसे दिले आणि समोरच्याने बटण दाबलंच नाही तर? कागदाच्या जगात हे दोघं एका हाताने पैसे आणि दुसऱ्या हाताने किल्ली-कागद देऊन सोडवतात, म्हणजे कागद हातात येणं हाच भरवसा असतो. फोनमध्ये हातात येण्यासारखं काही नसतं, मग तो भरवसा पायऱ्या-पायऱ्यांनी उभा करायला लागतो.

मी तो असा मांडेन. विकणारा आधी "विकायला काढली" असं करतो, त्या क्षणापासून ही गाडी दुसऱ्या कोणाला विकायची प्रक्रिया सुरूच होऊ शकत नाही, एकच गाडी एकाच दुपारी तिघांना विकायचा धंदा इथेच बंद. मग त्याच्या फोनवर थोड्या वेळापुरता चालणारा क्यूआर येतो जो घेणारा समोरासमोर स्कॅन करतो, लिंक व्हॉट्सॲपवर पाठवून नाही, कारण समोरासमोर असणं हीच एक तपासणी आहे, तेवढ्यात तो चासी नंबरही गाडीवर बघून ताडून घेतो. घेणाऱ्याला एका स्क्रीनवर सगळं दिसतं, कर्ज आहे का, चोरीची तक्रार आहे का, पूर्वी मोठा अपघात होऊन भंगारात निघाली होती का, किलोमीटरचे जुने आकडे काय होते. मग किंमत आणि किलोमीटर दोघांनी आपापल्या फोनवर वेगवेगळं टाकायचं, एकाने टाकलेलं दुसऱ्याने नुसतं ओके करायचं असं नको, कारण ओके माणूस न वाचताच दाबतो. आकडे जुळले तरच पुढे. शेवटी दोघांनीही पिन किंवा बोटाच्या ठशाने मान्य केलं की "ताबा दिला-घेतला" ही वेळ मिनिटासकट नोंदली जाते, आणि मग खात्याची मंजुरी.

इथे एक प्रश्न हमखास येतो, गाडी नवीन माणसाची कधी झाली, ताबा दिला तेव्हा की खात्याने मंजूर केलं तेव्हा. दोन्ही वेळा वेगळ्या साठवायच्या. ताब्याच्या वेळेपासून दंड आणि टोल यांची जबाबदारी पुढच्यावर जावी, आणि मंजुरीच्या वेळेपासून कायदेशीर नाव बदलावं, असं माझं मत आहे, अर्थात जिथे कायदा वेगळं सांगतो तिथे कायदा. भारतातल्या १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात त्याच राज्यात विकताना विकणाऱ्याने चौदा दिवसांत आणि घेणाऱ्याने तीस दिवसांत कळवायचं असतं, म्हणजे दोघांनी वेगवेगळं कळवायचं, आणि घोळ नेमका यामुळेच होतो की एकजण कळवतो आणि दुसरा विसरतो. ॲपमध्ये दोघांचं कळवणं एकाच क्षणी होऊ शकतं. हा एक फायदा जरी मिळाला तरी सगळा खटाटोप सार्थकी लागला म्हणेन मी.

पण अर्धवट राहिलेल्या व्यवहारांचं काय? ते खूप असतात. घेणाऱ्याचं मन बदललं, कर्ज मंजूर झालं नाही, बॅटरी संपली. म्हणून प्रत्येक पायरीला मुदत आणि मुदत संपली की गाडी आपोआप जुन्या स्थितीत. ताब्याच्या आधी कोणीही एकट्याने रद्द करू शकतो, ताब्यानंतर मात्र एकट्याने रद्द करता येता कामा नये, नाहीतर पैसे खिशात घातल्यावर विकणारा रद्द दाबेल. तिथे दोघांची संमती, नाहीतर तक्रार. आणि तक्रारीचा दरवाजा खराखुरा हवा, माणूस बसलेला, कारण जबरदस्तीने फोन अनलॉक करून घेणं किंवा सिम स्वॅप करणं (दुसऱ्याचा नंबर फसवून आपल्या सिमवर घेणं) हे प्रकार होतातच. म्हणून व्यवहार सुरू झाला की नोंदीत असलेल्या प्रत्येक ठिकाणी कळवायचं, जुना मोबाईल नंबर, ईमेल, सहमालक, शक्य असेल तिथे घरी पत्र.

एक छोटी तांत्रिक गोष्ट पण त्रास मोठा देणारी. नेट कमकुवत असलं की माणूस बटण दाबतो, चाक फिरत राहतं, तो पुन्हा दाबतो, पुन्हा दाबतो. सर्व्हरला तीनदा तीच विनंती पोचते. फी तीनदा कापली गेली तर लोक त्या ॲपला कायमचा रामराम ठोकतात. उपाय सोपा आहे, प्रत्येक व्यवहाराला फोनवरच एक वेगळा क्रमांक द्यायचा आणि तोच क्रमांक पुन्हा आला तर सर्व्हरने नव्याने काही न करता आधीचंच उत्तर परत पाठवायचं. आणि स्क्रीनवर "काहीतरी चुकलं" असं कधी लिहायचं नाही, "तुमची विनंती पोचली आहे, पैसे कापलेले नाहीत" किंवा "विनंती पोचलेली नाही, पुन्हा दाबा" असं स्पष्ट लिहायचं. पैशांच्या बाबतीत माणसाला ताटकळत ठेवण्यासारखा दुसरा त्रास नाही.

किलोमीटरबद्दलही सांगतो. मीटर मागे फिरवणं हा जुना उद्योग आहे. अमेरिकेत १९८६ च्या कायद्याने मालकी बदलताना मीटरचा आकडा टायटलवर लिहून देणं बंधनकारक झालं, आणि तो इलेक्ट्रॉनिक पद्धतीने द्यायला सगळ्या राज्यांना मोकळीक देणारा नियम आला थेट २०१९ मध्ये, म्हणजे एवढ्या एका आकड्यामुळे व्यवहाराचा कागद इतकी वर्षं कागदच राहिला होता. ॲपमध्ये आधीच्या आकड्यापेक्षा कमी आकडा कोणी टाकला तर लगेच खोटा ठरवायचं नाही, मीटर बदललेलं असू शकतं, पण कारण विचारायचं आणि ते कारण कायम नोंदीत ठेवायचं, पुढच्या प्रत्येक घेणाऱ्याला दिसेल असं.

बोजा असेल तर

कर्जाची गाडी असेल तर बँकेची संमती आल्याशिवाय ताब्याची पायरीच उघडू नये, बस. अवघड भाग असतो तो कर्ज फिटल्यावरचा. शेवटचा हप्ता जातो, माणूस खुश होतो, आणि नोंदीवरचा बोजा उतरवायचा राहून जातो, मग कधीतरी गाडी विकायला काढतो तेव्हा कळतं. हे माणसाच्या आठवणीवर सोडायचंच नाही, हप्ते पूर्ण झाल्याचा निरोप बँकेच्या सिस्टीमने थेट खात्याला द्यायचा आणि बोजा उतरला हे मालकाला ॲपमध्ये दिसायचं. अमेरिकेतल्या अनेक राज्यांत बँका आणि नोंदणी खातं यांच्यात हे असं इलेक्ट्रॉनिक देवाणघेवाणीने चालतं. यात ॲप बनवणाऱ्याचं काम थोडं आणि बँकांना तयार करण्याचं काम फार, हे धरूनच वेळापत्रक आखा.

रस्त्यात दाखवताना, आणि पत्ता लपवताना

पोलिसांना फोन हातात द्यायला लागू नये. फोनमध्ये माणसाचं सगळं आयुष्य असतं, गाडीचा दाखला बघायला दिलेल्या फोनमधून मेसेज, फोटो काहीही दिसू शकतं. म्हणून दाखला लॉक स्क्रीनवरून उघडता आला पाहिजे, फोन मालकाच्याच हातात राहिला पाहिजे, आणि समोरच्याने आपल्या यंत्राने क्यूआर वाचायचा. नुसतं चित्र दाखवलं आणि त्याने डोळ्यांनी बघितलं तर स्क्रीनशॉटही चालून जाईल, म्हणून तपासणाऱ्याचं ॲप हे या कामाचं अर्धं अंग आहे, आणि बहुतेक वेळा तेच सगळ्यात शेवटी, उरलेल्या वेळात बनवलं जातं, हे मला पटत नाही. उन्हात उभं राहून, एका हाताने, घाईत वापरायचं ॲप आहे ते, अक्षरं मोठी हवीत, निकाल एका नजरेत कळला पाहिजे.

दुसरी बाजू आणखी गंभीर. गाडीचा नंबर टाका आणि मालकाचं नाव-पत्ता बघा अशी सोय दिसायला फार कामाची वाटते. १९८९ मध्ये अमेरिकेत रेबेका शेफर नावाच्या अभिनेत्रीचा खून झाला, मागावर असलेल्या माणसाने खाजगी गुप्तहेरामार्फत तिचा पत्ता कॅलिफोर्नियाच्या वाहन खात्याच्या नोंदींतून मिळवला होता. त्यानंतर १९९४ मध्ये वाहन खात्यांकडची वैयक्तिक माहिती कोणालाही देण्यावर बंधन घालणारा केंद्रीय कायदा झाला. नंबरप्लेट ही तर रस्त्यावर सगळ्यांना दिसते, तिच्यावरून घर सापडत असेल तर ते ॲप धोकादायक आहे, मग बाकी कितीही छान असो. अनोळखी माणसाला गाडीबद्दल सांगा, विमा आहे का, चोरीची आहे का, भंगारातली आहे का, पण माणसाबद्दल काही नाही. घेणाऱ्यालाही विकणाऱ्याचं नाव कधी दिसावं, तर विकणाऱ्याने क्यूआर दाखवल्यावरच. आणि कोणी कोणाची माहिती बघितली याची नोंद मालकाला बघता यावी, खात्याच्या कर्मचाऱ्याने बघितली असेल तरीही.

मधेच ब्लॉकचेनबद्दल (अनेक संगणकांवर एकसारखी ठेवलेली, मागून बदलता न येणारी नोंदवही) विचारणारे भेटतातच म्हणून सांगून टाकतो. कॅलिफोर्नियाच्या वाहन खात्याने २०२४ मध्ये चार कोटी वीस लाख टायटल ब्लॉकचेनवर टाकल्याचं जाहीर केलं होतं, तेव्हा होऊ शकतं हे खरं. पण नोंद एकाच खात्याच्या ताब्यात असेल तर सही केलेला डेटा आणि न पुसता येणारी इतिहासाची यादी एवढ्यात बहुतेक काम भागतं. अनेक स्वतंत्र खाती, राज्यं, बँका एकमेकांवर भरवसा न ठेवता एकच नोंद वापरणार असतील तिथे ब्लॉकचेनचा विचार करण्यात अर्थ आहे. चासी नंबर पहिल्यांदाच चुकीचा भरला असेल तर ब्लॉकचेन ती चूकच जपून ठेवेल.

जे ठरलेल्या वाटेने येत नाहीत

डिझाईनच्या मीटिंगमध्ये सगळे जण एक तरुण, स्मार्टफोनवाला, स्वतःच्या नावावर एकच गाडी असलेला माणूस डोळ्यासमोर ठेवतात. प्रत्यक्षात मालक वारलेला असतो आणि फोनला पासवर्ड असतो. बायकोला गाडी विकायचीय, वारस तिघं आहेत, त्यातला एक परदेशात. इथे "मालकाच्या फोनवर आलेला ओटीपी टाका" असं म्हणणारं ॲप निर्दयी वाटतं, आणि ते असतंही. मृत्यूची नोंद लागली की त्या गाडीची वाट वेगळी झाली पाहिजे, विक्री आपोआप थांबली पाहिजे, वारसांना कुठले कागद लागतील ते एकाच ठिकाणी सांगितलं पाहिजे, आणि प्रत्येक वारसाने आपापल्या फोनवरून, आपल्या सवडीने संमती देता आली पाहिजे.

फोन हरवणं तर रोजचं. दाखला फोनच्या सुरक्षित भागात बांधलेला असतो, तो कॉपी होत नाही, हे चांगलंच आहे, पण नव्या फोनवर तो परत कसा मिळेल याची वाट आधीच्या वाटेइतकीच पक्की असायला हवी. चोर नेहमी मागच्या दारानेच येतो, आणि "पासवर्ड विसरलात?" हे प्रत्येक ॲपचं मागचं दार आहे.

आणि ज्यांच्याकडे फोनच नाही, किंवा आहे पण वाचता येत नाही, त्यांची कामं आजही दुसरं कोणीतरी करून देतं. मुलगा, शेजारी, एजंट. ॲपमध्ये याला जागा नसेल तर लोक आपला पिनच त्या माणसाला देऊन टाकतात, आणि मग कोणी काय केलं ते कळतच नाही. त्यापेक्षा "माझ्या वतीने" अशी उघड सोय द्या, एवढ्याच कामासाठी, एवढ्याच दिवसांसाठी, आणि शेवटची संमती मात्र मालकाकडूनच, ऑफिसात येऊन ठसा देऊन किंवा फोनवर येणाऱ्या कॉलला उत्तर देऊन.

जर्मनीने कागद आणि डिजिटल यांना जोडायची एक साधी युक्ती केली, २०१५ पासून नोंदणीपत्रावर आणि प्लेटच्या स्टिकरवर झाकलेले गुप्त कोड छापायला लागले, ते खरवडले की दिसतात, आणि ते टाकून घरबसल्या गाडीची नोंदणी रद्द करता येते. कोड खरवडलेला दिसला की समजायचं, या कागदाचं काहीतरी झालंय. जुने लाखो कागद एका रात्रीत फोनमध्ये येत नसतात, त्यामुळे अशा मधल्या सोयी कित्येक वर्षं लागणार आहेत, आणि त्या बनवताना एकच काळजी घ्यायची की एका गाडीचा कागद आणि फोनमधला दाखला हे दोन्ही एकाच वेळी विक्रीसाठी चालता कामा नयेत. डिजिटल दाखला सुरू झाला की कागदाचा नंबर विक्रीसाठी बंद, आणि ज्याला पुन्हा कागद हवा त्याला तो छापून द्यायचा, त्यावर सही केलेला क्यूआर टाकून, म्हणजे दुसऱ्या देशाच्या सीमेवर किंवा चार्जिंग संपलेल्या फोनसोबतही गाडी कोणाची आणि कागद खरा का ते तपासता येईल.